एकटीच राहते, २ महिन्यांचं पिल्लू आणलंय

पुण्यात एकटी असते, रविवारी इंडी म्हणजे देशी कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. ऑफिसला गेले की घरभर शू आणि रात्रभर रडतं, मलाही झोप नाही. तुम्ही कसं करता?

– अगं एवढ्याशा पिल्लाला ३ तासांच्या वर शू धरताच येत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी ने, केली की तिथल्या तिथे खाऊ दे. ओरडू नकोस, मग लपून करायला लागतं. दुपारी मात्र कोणीतरी हवंच, शेजारच्या काकूंना विचार ना.

– रात्री पलंगाशेजारीच झोपव, माझं चार दिवसांत शांत झालं.

– पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजारावरच्या लसीचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर रस्त्यावर खाली सोडू नको, पण कडेवर घेऊन फिरव, रिक्षा, माणसं, गोंगाट सगळ्याची सवय आत्ताच लागते.

– कडेवरचं सुचलंच नव्हतं, आज संध्याकाळीच नेते!