हिवाळ्यातले बाईक ग्लोव्हज: ऊब, पाणी आणि पारख (अनुभव धागा)

थंडी पडली की "ग्लोव्हज कोणते घेऊ?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तरात नुसती ब्रँडची नावं. इथे नावं नकोत. जोडी कशी पारखता, पाणी कुठून शिरतं, बोटं का बधीर होतात, भिजल्यावर काय करता, ते लिहा. कुठे चालवता तेही सांगा. निफाडची पहाट आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीतला ओला बर्फ, दोन्हींना एकच जोडी पुरत नाही.

निफाडी_गारठा
आपल्याकडच्या हिवाळ्यासाठी वॉटरप्रूफच्या मागे लागू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाड पट्ट्यात पारा 10 अंशांखाली जातो, पण हवा कोरडी असते. त्रास वाऱ्याचा. 10 अंशांत ताशी 60 किमीने गेलात की उघड्या कातडीला 5 अंशांसारखं लागतं. बाहेरून वारा अडवणारं चामडं किंवा घट्ट विणीचं कापड आणि आत पातळ लोकरी लाइनर (ग्लोव्हच्या आत घालायचा वेगळा हातमोजा), एवढ्यावर भागतं. बोटांच्या मधे जाळी किंवा भोकं असलेला ग्लोव्ह मात्र उन्हाळ्याचा. त्यात कितीही जाड लाइनर घाला, वारा आत येणारच.
उलटही सांगतो: हिवाळी ग्लोव्हज पावसाळ्यात वापरू नका. जुलैत ताम्हिणीत ते बाहेरून कोरडे राहिले तरी आतून घामाने चिंब होतात.

रोहतांगपार
मनाली-लेहसाठी मात्र मेंब्रेन (पाणी अडवणारा आतला पातळ थर) हवंच. बारालाचा ला 4,890 मीटरवर आहे आणि सप्टेंबरातही तिथे पावसाचा बर्फ होतो. ग्लोव्हमध्ये बाहेरून आत असे थर असतात: चामडं किंवा कापड, मेंब्रेनची पिशवी, इन्सुलेशन (ऊब धरणारा थर), अस्तर. पाणी अडवते ती फक्त ती पिशवी. वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की त्यावरून वारा जाताना हात झपाट्याने थंड होतो, आत थेंबही न शिरता. बरेच जण यालाच "ग्लोव्ह गळतो" म्हणतात. म्हणून शक्यतो मागची बाजूही चामड्याची बघा, आणि निघण्याआधी पाणी झटकणारा स्प्रे मारा.

माप हा सगळ्यात मोठा घोळ. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती टेप गुंडाळा आणि सेंटिमीटर त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडा. एका कंपनीचा एल दुसरीचा एम असतो. दुकानात हात सरळ ठेवून बघू नका, बाईकवर बसून ग्रिप धरा. तेव्हा बोटांच्या टोकाशी तीन-चार मिलिमीटर जागा उरायला हवी. टोक टेकलं तर तिथलं इन्सुलेशन दबतं, रक्तही नीट फिरत नाही, आणि जाड ग्लोव्ह पातळापेक्षा गार पडतो. मग दोन बोटांनी क्लच ओढा, इंडिकेटर आणि हॉर्न दाबून बघा. बटण चाचपावं लागत असेल तर ती जोडी परत ठेवा, ऊब गेली खड्ड्यात.

हॅम्बुर्गचा_रिमझिम
इथे तीन-चार अंश आणि दिवसभर झिमझिम, त्यामुळे मनगटाकडे आधी बघतो. लांब गॉन्टलेट (मनगटाच्या वरपर्यंत जाणारा ग्लोव्ह), मनगटावर एक पट्टा, कफवर दुसरा. कफ जॅकेटच्या बाहीवर की बाहीखाली, हे हाताच्या उतारावर ठरतं. हँडल खाली असेल, म्हणजे पाणी कोपराकडून मनगटाकडे वाहत असेल, तर बाही वर आणि ग्लोव्ह आत. क्रूझरसारखं हँडल उंच असेल तर ग्लोव्ह बाहीवर. मधल्या उंचीच्या बाईकवर दोन्ही करून बघावं लागतं. आणखी एक: अस्तर मेंब्रेनच्या पुढे कफबाहेर डोकावत असेल तर ते ओल्या बाहीचं पाणी वातीसारखं आत ओढतं. विकत घेतानाच कफ उलटून बघा.

हीटेड ग्रिप (विजेवर गरम होणाऱ्या हँडलच्या मुठी) असतील तर तळव्याकडे पातळ आणि मागे जाड असा ग्लोव्ह घ्या. तळव्याला जाड इन्सुलेशन असलं की ग्रिपची ऊब हातापर्यंत पोचतच नाही. ग्रिपने हाताची मागची बाजू गरम होत नाही, तिथला वारा हँडगार्डने अडवा.
सुरक्षेसाठी ईएन 13594 (बाईक ग्लोव्हजचं युरोपीय मानक) हे लेबल बघा. त्यावर 1 किंवा 2 हा स्तर असतो. बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षण तपासलेलं असेल तर सोबत 'केपी' (KP) लिहितात.

शिवणटाका
मी चामड्याची दुरुस्ती करतो. हिवाळी ग्लोव्हजची सगळ्यात जास्त येणारी तक्रार: ओला हात बाहेर काढताना अस्तर बोटांसकट उलटं येतं आणि परत बसत नाही. पिशवी बऱ्याचदा फक्त बोटांच्या टोकांशी बारीक पट्टीने अडकवलेली असते, ती सुटते. दुकानातच तपासा: ग्लोव्ह घालून दुसऱ्या हाताने बोटाचं टोक धरा आणि आतलं बोट मागे ओढा. अस्तर सोबत सरकलं तर नको. मेंब्रेन वरच्या थराला चिकटवलेलं असेल तर हा त्रास कमी होतो.
गळती शोधायला कोरड्या हाताला टिश्यू पेपर गुंडाळा, वर ग्लोव्ह घाला, कफ पाण्याबाहेर ठेवून बादलीत दहा मिनिटं मूठ उघडझाप करा. टिश्यू जिथे भिजला तिथे भोक. एरवी पहिलं भोक अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात पडतं. बाहेरून सुईने टाका मारू नका, मेंब्रेनला नवं भोक पाडाल.

फ्यूज_उडाला
हीटेड ग्रिपची जोडी फुल हीटवर तीन-चार अँपिअर घेते. थेट बॅटरीला जोडू नका. इग्निशनवर चालणारा रिले (चावी बंद केली की वीज तोडणारा स्विच) आणि 5 अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. नाहीतर चहाला थांबलात आणि ग्रिप चालूच राहिल्या की स्टार्टर फिरणार नाही. थ्रॉटलच्या बाजूची वायर सैल ठेवा आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, ती तिथेच तुटते.

नवखा_रायडर
आत डॉक्टरांचे नायट्राइल ग्लोव्हज घातले तर चालेल का? आणि भिजलेली जोडी रात्रीत कशी वाळवायची?

रोहतांगपार
नायट्राइल तासा-दोन तासांच्या अडचणीपुरते. वारा आणि पाणी अडतं, पण घामही आतच राहतो, थांबलात की हात गारठतात. आत बारीक लोकरी लाइनर असेल तर बरं. बाहेरून चढवायचे असतील तर दोन नंबर मोठे भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज, पण ब्रेक लिव्हरवर घसरतात का ते पार्किंगमध्येच बघून घ्या.

शिवणटाका
वाळवताना सायलेन्सर किंवा हीटरवर ठेवायचे नाहीत. चामडं कडक होतं, आतला गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला. बोटं वर आणि कफ खाली करून पंख्याखाली टांगा. सकाळी थोडा ओलावा राहिला तर नवा लाइनर घालून निघा, ओला लाइनर आत चढवू नका. काढताना बोटांची टोकं ओढायची नाहीत, दोन्ही पट्टे पूर्ण सोडून कफ धरून ओढा.