बी विंगचं नेट आणि माळ्यावरचा राऊटर

(लातूर, औसा रोड. सोसायटीचा ग्रुप. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. नावांऐवजी फ्लॅट नंबर ठेवलेत.)

बी-३०२, ७:४२
कुणाचं नेट चालायलंय का? पोराची टेस्ट सिरीज मधीच लटकली. नुसतं गोल गोल फिरायलंय.

ए-१०१, ७:४३
आमचं मस्त चालू आहे.

बी-२०४, ७:४४
आमचं पण लई स्लो. पण रोजचंच झालंय, आता तक्रार करायची लाज वाटायलीय.

बी-३०२, ७:४६
मी तर ठरवलंय. उद्या गंजगोलाईच्या बाजारात जाऊन नवा राऊटर आणतो. बजेट पाच हजार. सहा अँटेनावाला कोणता चांगला, सांगा कुणीतरी.

सी-४०१, ७:४७
माझ्या मेव्हण्यानं आठ अँटेनाचा घेतलाय. टीव्हीवर कोळी बसल्यासारखा दिसतो.

सेक्रेटरी, ७:४८
उद्या सकाळी ७ ला टँकर येणार आहे. गेटसमोरच्या गाड्या रात्रीच काढून ठेवाव्यात ही विनंती.

ए-३०३ (सर), ७:५१
भाऊ, पाच हजार खिशात राहू द्या. आधी तीन गोष्टी सांगा. प्लॅन कितीचा? राऊटर कुठं ठेवलाय? आणि राऊटरला वायर जोडून लॅपटॉपवर स्पीड किती येतं?

बी-३०२, ७:५३
प्लॅन २०० एमबीपीएस स्पीडचा. राऊटर हॉलच्या माळ्यावर, इन्व्हर्टरच्या बाजूला. तिथं लाईटचा पॉइंट होता म्हणून नेटवाल्या पोरानं तिथंच ठोकला. वायर कधी लावली नाही बघा.

ए-४०२ (काकू), ७:५४
माळ्यावर? मे महिन्यात तिथं पापड वाळतील.

ए-३०३ (सर), ७:५५
काकूंचं बरोबर आहे. वरून स्लॅबची ऊब, बाजूला इन्व्हर्टर तापलेला, आणि समोर गाद्या, सुटकेसा, पत्र्याची पेटी. पेटीचा पत्रा लहरी परतवून लावतो. लॅपटॉप घेऊन स्टुलावर चढा अन् वायर लावून बघा.

बी-३०२, ८:१०
वायरवर ३१. बेडरूममध्ये मोबाईलवर ११.

ए-३०३ (सर), ८:१२
म्हणजे दुखणी दोन आहेत. ३१ चे ११ होतात ते तुमच्या घरातलं. २०० चे ३१ होतात ते घराबाहेरचं, आणि त्याला सहा काय, साठ अँटेना लावल्या तरी फरक पडणार नाही. आता पहाटे उठून एकदा वायर लावून बघा.

बी-३०२, ८:१३
रविवारी पहाटे? 😄

ए-३०३ (सर), ८:१३
टँकरला उठायचंच आहे की.

सी-२०५, ८:२०
सर मधीच विचारतो, लाईट गेली की आमचं नेट जातं. राऊटरला छोटा यूपीएस मिळतो म्हणे. घेऊ का?

ए-३०३ (सर), ८:२४
घ्या, पण आधी अडॅप्टर उलटा करून वाचा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. अँपिअर पण बघा, १ लागतो की २. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ च्या राऊटरला १२ दिले तर राऊटर गेला समजा. आणि तुमच्याकडं फायबर आहे ना? मग घरात डबे दोन असतील, एक फायबरचा, एक राऊटर. दोन्हीला बॅकअप द्या. नुसता राऊटर चालू ठेवला तर वायफायच्या काड्या दिसतात, नेट मात्र नसतं.

सी-२०५, ८:२५
अगदी तेच व्हायलंय! काड्या फुल, नेट शून्य.

बी-२०४, ८:२७
पण बी विंगमध्ये घरात इन्व्हर्टर असून पण जातं. कामून?

ए-३०३ (सर), ८:३१
कारण तुमच्या विंगला फायबर घरापर्यंत आलेलंच नाही. टेरेसवर पाण्याच्या टाकीमागं पत्र्याची पेटी आहे, तिथपर्यंत फायबर. पेटीत स्विच, म्हणजे एक लाईन सगळ्या घरांत वाटणारा डबा, आणि तिथून तांब्याची लॅन केबल प्रत्येकाच्या घरात. पेटीची लाईट गेली की अख्खी विंग बंद. ए आणि सी मध्ये फायबर थेट घरात येतं. मधे जो स्प्लिटर असतो तो नुसता काचेचा खेळ, प्रकाशाची वाटणी करतो, त्याला लाईट लागतच नाही. पलीकडं कंपनीकडं बॅटरी चालू असली की आमचं नेट चालू.

बी-१०१, ८:३३
म्हणूनच मागच्या अवकाळीत वीज कडाडली अन् आमच्या विंगमधले तीन राऊटर एकदम मेले!

ए-३०३ (सर), ८:३५
हो. टेरेसवरून उघडी तांब्याची केबल आणली की विजेला रस्ता आयता मिळतो. फायबरच्या काचेतून करंट जात नाही.

सी-४०१, ८:३६
लातूरला २०१६ ला पाण्याची रेल्वे आली होती मिरजहून. आता बी विंगसाठी नेटची रेल्वे मागवा.

सेक्रेटरी, ८:३७
कृपया विषयाला धरून बोलावे. आणि गाड्या काढाव्यात.

(रविवार)

बी-३०२, ५:४८
सर, उठलो. वायरवर ९४. तीनदा केलं. ९४, ९४, ९३.

ए-३०३ (सर), ६:०५
शाब्बास! हा ९४ आकडा लई बोलका आहे. १०० च्या पोर्टमधून, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेतून, वरखर्च वजा जाता एवढंच बाहेर पडतं. २०० चे पैसे भरता, पण वाटेत कुठंतरी १०० चीच मोरी आहे. राऊटरच्या खाली काय लिहिलंय?

बी-३०२, ६:०९
एन३००.

ए-३०३ (सर), ६:१६
झालं मग. ३०० हा वायफायचा कागदावरचा आकडा. अशा डब्यांचे मागचे पोर्ट सहसा १०० चेच असतात. शिवाय हा एकट्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आपल्या तीन विंगमधली सगळी वायफाय त्या तीन गल्ल्यांत कोंबलेली. मायक्रोवेव्ह पण त्याच पट्ट्यात काम करतो, काकूंनी दूध गरम केलं की शेजारच्याचा व्हिडिओ अडकू शकतो.

ए-४०२ (काकू), ६:१८
मी दूध गॅसवरच तापवते. माझ्यावर घालू नका.

बी-२०४, ६:४०
सर, मी पण आत्ता बघितलं. आमचं पण ९४. पण आमचा राऊटर तर नवा आहे, गिगाबिट लिहिलेला. दिवाळीत घेतला.

ए-३०३ (सर), ६:४४
ताई, केबल जिथं राऊटरला जोडलीय तिथली पारदर्शक पिन जवळून बघा. आत रंगीत तारा किती दिसतात?

बी-२०४, ६:५२
चारच आहेत.

ए-३०३ (सर), ६:५३
आणि बी-३०२?

बी-३०२, ६:५८
इथं पण चार. उरलेल्या चार कापून मागं वळवलेल्या.

ए-३०३ (सर), ७:०४
बघा म्हणजे! १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात. एका केबलमध्ये तारा आठ. तर नेटवाल्यानं एकच केबल ओढून चार तारा खालच्या मजल्याला, चार वरच्या मजल्याला दिल्या असणार. ताईंनी दिवाळीत गिगाबिट राऊटर आणला तरी ९४ च येणार होते, ते यामुळं.

बी-२०४, ७:०६
माय! म्हणजे माझे अडीच हजार पाण्यात?

ए-३०३ (सर), ७:०८
पाण्यात नाही, वायफाय त्याचं चांगलंच असेल. पण वेग वाढायला पाहिजे होता तो नाही वाढला.

सेक्रेटरी, ७:१२
टँकर आला आहे. सी विंगची पांढरी गाडी कोणाची?

सी-४०१, ७:१३
आलो आलो.

बी-३०२, ७:३०
सर, पहाटे ९४ अन् संध्याकाळी ३१, हे कामून मग?

ए-३०३ (सर), ७:३७
टेरेसवरचा डबा. संध्याकाळी सात ते दहा सगळी विंग एकदम बसते. पोरांच्या टेस्ट, टीव्हीवर मालिका. पेटीतल्या स्विचला वरून येणारी लाईन पण १०० ची असेल तर तेवढ्यातच बारा घरांची वाटणी होणार. मी पेटी उघडून बघितलेली नाही, पण आकडे तेच म्हणायलेत. फायबरवर पण वाटणी असतेच, ३२ किंवा ६४ घरं एका धाग्यावर असतात. पण तिथं खाली येणारी मोरी जवळपास अडीच गिगाबिटची असते, म्हणून जाणवत नाही.

बी-१०१, ७:४०
मग आम्ही काय करावं?

ए-३०३ (सर), ७:४५
राऊटर घेऊ नका. विंगमधल्या सगळ्यांनी मिळून एकच तक्रार टाका की घरापर्यंत फायबर द्या. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या स्पीडचे स्क्रीनशॉट जोडा, वायर लावून काढलेलेच. मोबाईलचे स्क्रीनशॉट दिले की ते वायफायवर ढकलून मोकळे होतात. आणि फायबरचा डबा देतील तो ड्युअल बँड मागा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, गिगाबिट पोर्टवाला. मागितला नाही तर गोदामातला जुना चिकटवतात.

बी-३०२, ७:४८
आन् राऊटर?

ए-३०३ (सर), ७:५५
आधी तो माळ्यावरून खाली घ्या. हॉलच्या मधोमध, छातीएवढ्या उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागं नको, फ्रिजवर नको, फिश टँकच्या आड नको, पाणी लहरी पितं. फायबर आल्यावर त्यांच्याच डब्याचं वायफाय आठ दिवस वापरा. आपला टू बीएचके आहे, पुरेल. नाहीच पुरलं तर वायफाय ६ चा, म्हणजे वायफायच्या सहाव्या पिढीचा, साधा घ्या, एएक्स१५०० लिहिलेला, तीन हजाराच्या आसपास येतो. फक्त पोर्ट गिगाबिट आहेत का ते खोक्यावर वाचा. ती १५०० पण गोळाबेरीज आहे बरं का, २.४ चे ३०० आणि ५ चे १२००. तुमच्या एका मोबाईलला काही १५०० मिळत नाहीत.

सी-४०१, ७:५७
म्हणजे अँटेना मोजायच्याच नाहीत?

ए-३०३ (सर), ७:५८
मोजा की, धूळ पुसताना.

ए-४०२ (काकू), ८:१५
सर, माझं वेगळंच. गावाकडं माळवदाचं घर आहे, भिंती अडीच फुटी, दगडमातीच्या. ओसरीवर नेट येतं, आतल्या खोलीत सासूबाईंना नातवाचा व्हिडिओ कॉल लागत नाही. सिग्नल पुढं ढकलणारा रिपीटर आणला, तो पण तसाच.

ए-३०३ (सर), ८:२२
काकू, रिपीटर आतल्या खोलीत ठेवला असेल. तिथं त्यालाच सिग्नल मिळेना, तो पुढं काय देणार? त्यातून साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो अन् त्यावरच बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. अशा भिंतीपुढं वायफायनं हात टेकायचेच. ओसरीवरून झरोक्यातून एक लॅन केबल आत घ्या आणि तिकडं जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे केबलनं आलेलं नेट तो नुसता वायफायनं पसरवेल. बी-३०२ चा एन३०० रिकामा होतोय, व्हिडिओ कॉलला तो भरपूर झाला.

बी-३०२, ८:२४
घेऊन जा काकू. पैसे नकोत, पापड द्या.

ए-४०२ (काकू), ८:२५
उडदाचे की ज्वारीचे?

बी-३०२, ८:२५
ज्वारीचे.

(सोमवार)

बी-३०२, ८:४०
राऊटर खाली घेतला. काल रात्री बेडरूममध्ये २७ आले, वायरवर ३०. पोराची टेस्ट न अडकता पार पडली. तक्रारीवर नऊ फ्लॅटच्या सह्या झाल्या. नेटवाल्यांचा फोन आला, आज दहाला पोरगं पाहणी करायला येतंय. टेरेसवर जायचं म्हणतंय.

बी-१०१, ८:४२
फायबर टाकायचा खर्च कोण देणार?

सेक्रेटरी, ८:४५
सोसायटी देणार नाही. पाइप बाहेरून ठोकायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी, नुकताच रंग दिला आहे. डक्टमधूनच केबल घ्यावी.

बी-२०४, ८:४७
डक्टची चावी कुणाकडंय?

सेक्रेटरी, ८:४९
वॉचमन मामाकडे.

बी-३०२, ८:५०
मामा तर सुट्टीवर आहेत, उदगीरला लग्न आहे.

सी-२०५, ८:५२
एक चावी आमच्याकडं राहिली होती टाकी धुतली तेव्हाची. बघतो, थांबा.