मदत हवी आहे : तीन टनांहून जड मोटरबोट घाटातून ओढून नेण्यासाठी कोणते वाहन घ्यावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघा भागीदारांनी गोव्यातून २६ फुटी फायबरची जुनी मोटरबोट घेतली असून तिच्या मागच्या बाजूला प्रत्येकी १५० अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड इंजिने आहेत. पावसाळ्यात ती कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये राहील आणि हंगाम सुरू झाला की मालवणला नेली जाईल. मधेच मोठी दुरुस्ती निघाली तर पुन्हा वर आणावी लागेल. गोव्याहून ती क्रेनने ट्रकवर चढवून आणली, पण दर वेळी दोन्ही टोकांना क्रेन लावणे परवडणारे नाही. बोटीसोबत दोन आसांचा ट्रेलर मिळालेला आहे. तो ओढण्यासाठी वाहन घ्यायचे आहे आणि त्याच निवडीवर आमच्यात एकमत होत नाही.

वजनाबाबत अंदाज नकोत, म्हणून बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर नेली. टाकी रिकामी असताना पावती २,९४० किलोची निघाली. टाकी ३०० लिटरची आहे. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे आणखी सव्वादोनशे किलो. नांगर, दोर, बॅटऱ्या आणि जीवरक्षक जॅकेटे धरली की आकडा सव्वातीन टनांच्या घरात जातो. ओढणारी गाडी आणि माणसे मिळून अडीच टन धरली, तर घाटात पावणेसहा टनांचा जोड चालवायचा आहे.

आमच्या एका भागीदाराचा सगळा भर इंजिनाच्या ताकदीवर आहे. मी साधे गणित करून पाहिले. शंभर मीटरला सात मीटर असा चढ आणि ताशी २५ किलोमीटर वेग धरला, तर एवढे वजन वर नेण्यास चाकांपाशी सुमारे ४५ अश्वशक्ती पुरते. आजचे कोणतेही चांगले डिझेल पिकअप तेवढी सहज देईल. मला काळजी आहे ती उतरण्याची. उसाच्या हंगामात आपण सगळेच पाहतो, की दोन भरलेल्या ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर कुंथत का होईना पण चढतो; उतारावर मात्र बिनब्रेकच्या ट्रॉल्या त्याला मागून रेटतात आणि वळणावर त्याचे तोंडच फिरवतात. आमच्या ट्रेलरलाही आज ब्रेक नाहीत. म्हणजे गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना सव्वातीन टनांचा सगळा भार त्याहून हलक्या असलेल्या गाडीच्या ब्रेकवर येणार, आणि ब्रेक तापून सुटण्याची भीती तिथेच आहे.

सध्या तीन पर्याय समोर आहेत. पहिला इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस : १.९ लिटरचे डिझेल इंजिन, १६३ अश्वशक्ती, ३६० न्यूटन-मीटर टॉर्क. दुसरा टोयोटा हायलक्स : २.८ लिटर, २०४ अश्वशक्ती. हाताच्या गिअरमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर. दोन्हींना फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंज (हळू पण जास्त ओढ देणारे गिअर) मिळते. ओहोटीच्या वेळी शेवाळलेल्या उतारावरून बोट पाण्याबाहेर काढताना त्याला पर्याय नाही असे मला वाटते, कारण मागचा हौदा रिकामा असलेले साधे पिकअप ओल्या सिमेंटवर नुसती चाके फिरवत राहते. ऑस्ट्रेलियात हायलक्सच्या फोर-बाय-फोर डबल कॅबला ब्रेक असलेला ट्रेलर ३,५०० किलोपर्यंत ओढण्याची मान्यता आहे; पण ती ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आहे आणि तिथल्या गाडीसाठी आहे. तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडच्या गाडीला लावावा, हे मला पटत नाही. तिसरा पर्याय साडेसात टन वर्गातला जुना ट्रक घेण्याचा आहे. तो पिकअपहून जड असल्याने बोट त्याला सहज हलवू शकणार नाही, हा त्याचा मोठा गुण. पण फोर-बाय-फोर नाही, पिवळी पाटी, परमिट आणि फिटनेस हे सगळे मागे लागते, आणि वर्षातला बराच काळ तो शेडमध्ये उभा राहील. माझा कल हायलक्सकडे आहे, मात्र ट्रेलरला ब्रेक बसवल्याशिवाय नाही.

ट्रेलरबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. ट्रेलरचे गाडीला जोडायचे टोक धान्याच्या काट्यावर टेकवून मोजले तेव्हा १३० किलो भरले, म्हणजे एकूण वजनाच्या साडेचार टक्क्यांहूनही कमी. बोटीच्या ट्रेलरसाठी हा भार पाच ते दहा टक्के असावा असे सांगतात. तो कमी पडला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. दोन्ही इंजिने मागे असल्याने हे होणारच होते. विंचचा (बोट दोराने ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब पुढे सरकवून बोट वीसेक सेंटिमीटर पुढे घ्यावी, की आसच मागे न्यावेत? पहिला उपाय स्वस्त आहे, परंतु बोटीचे मागचे टोक, जिथे इंजिनांचा भार आहे, ते मागच्या आधारावरून पुढे सरकले तर तळाला तडा जाऊ शकतो. ब्रेकच्या बाबतीत, गाडी आणि ट्रेलरच्या जोडणीवरच्या दाबाने आपोआप लागणारे सर्ज ब्रेक बसवावेत, की गाडीतून चालवता येणारे विजेचे? खाऱ्या पाण्यात ट्रेलर बुडणार असल्याने ड्रम गंजण्याचा प्रश्न दोन्हींत आहे. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुण्याची आणि गरम बेअरिंग निवल्याशिवाय चाके पाण्यात न घालण्याची आमची तयारी आहे.

रुंदीची अडचण नसावी, बोट २.५ मीटर रुंद आहे आणि नियमाने २.६ मीटरपर्यंत चालते.

ज्यांनी अशी जड बोट किंवा तेवढाच जड ट्रेलर घाटातून प्रत्यक्ष नेला आहे, त्यांच्याकडून मला पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस तीन टनांमागे कशी उतरते, आणि ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाचा ब्रेक हाताच्या गिअरइतका मिळतो का? करूळ, फोंडा आणि आंबोली यांपैकी लांब ट्रेलरसाठी कोणत्या घाटाची वळणे सोयीची आहेत? अंतर वाढले तरी चालेल. खाजगी पाटीच्या पिकअपमागे असा ट्रेलर लावताना त्याची वेगळी नोंदणी आणि विमा कोणी करून घेतला असल्यास कोणती कागदपत्रे लागली, आणि हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांची मर्यादा मोजताना ट्रेलरचे वजन धरले गेले का? शिरोली किंवा गोकुळ शिरगाव परिसरात ट्रेलरला ब्रेकसह आस बसवून देणारा, काम नीट करणारा कारागीर माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. गाडीचे बुकिंग गणपतीपूर्वी करायचे आहे, पण आसाचे काम त्याआधीच सुरू करता येईल.