मदत हवी आहे: हृदयाची स्पेसिमेन्स हातात घेऊन शिकवता येतील अशी कशी टिकवावीत?

नमस्कार मंडळी,

अॅनाटॉमी विभागाच्या म्युझियमचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. देहदानातून मिळालेली बरीच हृदयं १० टक्के फॉर्मालिनमध्ये (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात) आहेत. कुजलेलं एकही नाही, पण शिकवायला निम्मीही कामाची नाहीत. रंग मातकट, भिंती खोडरबरासारख्या घट्ट. डावा व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) उघडला की आत रक्ताची काळी गुठळी आणि तिच्यात गुरफटलेल्या कॉर्डी टेंडिनी, म्हणजे झडपांना धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या. गुठळी ओढली की कॉर्डी तुटतात. वासाने विद्यार्थ्यांचे डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

प्लास्टिनेशनची (ऊतीतलं पाणी काढून तिथे सिलिकॉन भरण्याची) यंत्रणा नाही. ग्लिसरीन वापरून बघावं का? मूळ रंग परत आणता येतो का? आणि नवीन हृदय आलं तर सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. हृदय जसंच्या तसं फॉर्मालिनमध्ये सोडलं तर ते आक्रसलेल्या अवस्थेतच कडक होतं. आधी पाण्याची धार सोडून सगळ्या गुठळ्या काढा. मग महाधमनीत नळी बांधून उंचावरच्या बाटलीतून फॉर्मालिन हळू सोडा. महाधमनीची झडप मिटते आणि द्रव कोरोनरींत (हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत) शिरतो. कप्पे मात्र याने भरत नाहीत. त्यासाठी महाशिरा आणि फुफ्फुसशिरांतून फॉर्मालिनमध्ये भिजवलेला कापूस सैलसर भरा. ठासू नका, झडपा फाटतात. हृदय तळाशी टेकू न देता दोऱ्याने लोंबकळत ठेवा, नाहीतर एक बाजू चपटी होते. द्रव हृदयाच्या आकारमानाच्या किमान दहापट हवा, आणि बफर केलेला (आम्लता वाढू न देणारा): १०० मिली फॉर्मालिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम मोनोबेसिक आणि ६.५ ग्रॅम डायबेसिक सोडियम फॉस्फेट. बफर नसेल तर रक्ताशी संयोग होऊन काळपट रंगद्रव्य साठतं.

वासाचं हसण्यावारी नेऊ नका. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून सिद्ध आहे. हाताळण्याआधी वाहत्या पाण्यात भरपूर धुवा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

प्रतिसाद २

रंगासाठी कायझरलिंगची पद्धत. पहिल्या द्रावणात फॉर्मालिन, पोटॅशियम नायट्रेट आणि पोटॅशियम अॅसिटेट, मग ८० टक्के अल्कोहोल, यात रंग परततो, शेवटी ग्लिसरीन-अॅसिटेट. अल्कोहोलमध्ये असताना जवळ बसून लक्ष ठेवावं लागतं, जास्त वेळ राहिलं तर रंग कायमचा उडतो. ताज्या हृदयाला हे छान लागू पडतं. तुमच्या जुन्यांवर मेहनत घेऊ नका. शिवाय ही जारमध्ये बघायची वस्तू, हातात द्यायची नाही.

नुसत्या ग्लिसरीनने लवचिकता येते, पण ते हवेतलं पाणी ओढतं. दमट दिवसांत स्पेसिमेन चिकट होतं, पाझरतं. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे खडे टाकतात.

हातात द्यायचं तर प्लास्टिनेशनच. १९७७ साली हायडेलबर्गमध्ये गुंथर फॉन हागेन्स यांनी ते शोधलं. थंड अॅसिटोनने ऊतीतलं पाणी काढायचं, मग निर्वातात अॅसिटोन उडून जातं आणि त्याच्या जागी सिलिकॉन शिरतं. यंत्रणेशिवाय जुगाड करू नका. साध्या फ्रिजमध्ये अॅसिटोन ठेवलं आणि थर्मोस्टॅटची ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. यंत्रणा असलेल्या एखाद्या विभागाला विचारून बघा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. जुन्यांचं काय करू? टाकवत नाहीत.

प्रतिसाद १

टाकू कशाला? कडकपणाच तिथे उपयोगी पडतो. लांब पात्याच्या सुरीने आडवे काप घ्या. डाव्या आणि उजव्या व्हेंट्रिकलच्या भिंतींच्या जाडीतला फरक अशा कापात एका नजरेत दिसतो, आणि गुठळीही कॉर्डींना धक्का न लावता चिमट्याने थोडी थोडी उचलता येते. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) प्रतिमा शिकवायला हेच काप शेजारी ठेवा.