सिनेमाचं डिजिटल डाउनलोड विकत घ्यावं का? सातारा-सांगलीकरांचे अनुभव

सबस्क्रिप्शन संपलं की सिनेमे बंद, आणि भाड्यानं घेतलेला सिनेमा एकदा सुरू केला की साधारण ४८ तासांत बघून संपवायचा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. गोंधळ होतो तो पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या सिनेमाबद्दल. चार-पाचशे रुपये मोजले तरी हातात येतो तो बघण्याचा परवाना. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांवर बंधन घातलंय की हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगायचं. फाइल कायमची उतरवून नेटशिवाय वापरता येत असेल तर त्यातून सूट आहे. आपण मात्र अटी न वाचताच पैसे भरतो, म्हणून हा धागा. सातारा-सांगलीच्या मंडळींनी लिहा: काय घेतलं, कुठं अडलं, परत घ्याल का? कंपनीचं नाव नको, अनुभव हवा.

गावभाग, सांगली
बाबांचं डीव्हीडीचं कपाट होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा माणसं, कागदपत्रं आणि गॅसची शेगडी वर नेण्यातच वेळ गेला. पाणी उतरल्यावर डब्या उघडल्या तर आत गाळ. काही डिस्क साबणाच्या पाण्यानं धुऊन चालू झाल्या, पण कागदी पाकिटातल्या सगळ्या गेल्या, कागद पृष्ठभागाला चिकटून बसला होता. त्यानंतर बाबांच्या आवडीचे सिनेमे मी एकेक करून डिजिटल घेत गेले. २०२१ च्या पुरात आम्ही विश्रामबागला मावशीकडं होतो, तिथं बाबांनी तेच सिनेमे टीव्हीवर लावले. नदीकाठच्या घराला ही खरेदी परवडते, असं मला मनापासून वाटतं. दुःख एकाच गोष्टीचं आहे. जुने मराठी सिनेमे विकायलाच नाहीत. हिंदी, इंग्रजी मिळाले. बाबा ज्यांची वाट बघत होते त्यांतले बरेचसे कुठल्याच दुकानात सापडले नाहीत.

वाई
घरात चार वर्षांची मुलगी आहे. एकच कार्टून सिनेमा रोज. भाड्यानं घेत बसलो असतो तर किंमत कधीच ओलांडली असती. पैसे वसूल.

पाटण तालुका
आमच्याकडं डोंगराआड रेंज येती-जाती. एचडी सिनेमा म्हणजे चार-पाच जीबी, तो कराडला बहिणीकडं गेलो की वाय-फायवर उतरवून आणतो. मोबाईलवर चित्र स्वच्छ दिसतं. तोच सिनेमा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लावला की धुरकट. पैसे एचडीचे भरलेत. हे असं का, कुणी सांगेल का?

कराड, आयटीत काम
पाटणच्या दादांसाठी. नक्कल होऊ नये म्हणून सिनेमाच्या फाइलला कुलूप असतं, त्यातलं गूगलचं वाइडव्हाइन फार वापरात आहे. त्याच्या पातळ्या आहेत. किल्ली उपकरणाच्या सुरक्षित भागात राहत असेल तर एल १. ती नुसती सॉफ्टवेअरमध्ये असेल तर एल ३. एल ३ वर बऱ्याच सेवा ४८०पी च्या आसपासच, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट, चित्र सोडतात. संगणकावरचे कित्येक ब्राउझर एल ३ वालेच. तुमच्या नेटचा किंवा लॅपटॉपचा दोष नाही. घेण्याआधी आपल्याच उपकरणावर एखादा सिनेमा भाड्यानं लावून बघा, चित्र पटलं तरच पूर्ण पैसे भरा.

दुकानं बंद होतात, तेही लक्षात ठेवा. अमेरिकेतली, घेतलेल्या सिनेमांची ऑनलाइन नोंद ठेवणारी अल्ट्राव्हायोलेट ही सेवा ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. ज्यांनी आपली खाती दुसऱ्या दुकानांना जोडली होती त्यांचे सिनेमे बहुतेक वाचले. मायक्रोसॉफ्टनं जुलै २०२५ मध्ये सिनेमे विकणं थांबवलं, आधीची खरेदी तेवढी चालू ठेवली. आज चालू ठेवली म्हणून दहा वर्षांनी चालेल, हे कोण लिहून देतं?

मिरज, निवृत्त शिक्षिका
आमच्या ह्यांना जुन्या इंग्रजी सिनेमांची फार आवड. पेन्शनमधून हळूहळू बरेच घेतले होते, सगळे त्यांच्या खात्यावर. ते गेल्यावर मुलानं ते सिनेमे माझ्या खात्यावर करून मिळतील का असं विचारलं. उत्तर आलं की खरेदी दुसऱ्याच्या नावे होत नाही. त्यांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, घड्याळ नातवाच्या हातात आहे. सिनेमेही त्यांनी कष्टाच्या पैशांनीच घेतले होते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो आणि तो बदलला पाहिजे असं ठामपणे वाटतं.

विटा
काकूंची कंपनी कुठली ते माहीत नाही, पण ही अट बऱ्याच ठिकाणी आहे. अ‍ॅपलमध्ये आपल्या पश्चात खातं बघायला वारस नेमता येतो. त्याला फोटो, कागदपत्रं मिळतात; विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं मिळत नाहीत. म्हणून जे मागं ठेवायचंय ते मी डिस्कवर घेतो.

अपशिंगे, सातारा
फौजेत आहे. सुट्टी संपवून निघताना टॅबलेट भरून घेतो. सबस्क्रिप्शनमधले उतरवलेले सिनेमे मुदत संपली की उघडत नाहीत, आणि पोस्टवर नेट कुठलं? विकत घेतलेले माझ्या टॅबलेटवर चालत राहिले. बराकीत सगळे मिळून बघतो. एका गार रात्रीचा विचार केला तरी माझे पैसे फिटले.

कराड, मंडळाचा कार्यकर्ता
गणपतीत चौकात सिनेमा दाखवायचा ठरला, सिनेमा मी रीतसर घेतलेला. तयारीच्या दिवशी मंडळाच्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीएचं (जुन्या, डिजिटल नसलेल्या जोडणीचं) कन्व्हर्टर लावून जोडला तर आवाज येतो, पडदा काळा. चौकशी केली तेव्हा समजलं की एचडीसीपी नावाची तपासणी असते, जोडलेल्या यंत्राकडनं डिजिटल होकार मिळाला तरच चित्र पुढं जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा परवाना घरगुती बघण्यापुरताच, चौकात दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची वेगळी परवानगी लागते. आम्ही ती रीतसर मागवली आणि सिनेमा पुढच्या वर्षी दाखवला. मंडळांनी गणपतीच्या आधी दोन महिने याच्या मागं लागावं.

जत
मी विरोधात आहे. मोझर बेअर कंपनीची २८ रुपयांची व्हीसीडी आणि ३४ रुपयांची डीव्हीडी ज्यांनी घेतली त्यांना आजची किंमत गळी उतरणार नाही. छपाई नाही, डबी नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, तरी पाचशे? आणि डिस्क कशी, शेजारच्या तात्यांना दिली, त्यांनी बघून पाहुण्याला दिली, परत आली. डिजिटलमध्ये देणं-घेणंच नाही. कंपनीनं निम्म्या किमतीत द्यावं आणि एकदा तरी दुसऱ्याला देऊ द्यावं, मग मी घेईन.

विश्रामबाग, सांगली
जतच्या दादांना किमतीपुरतं सांगते: पहिल्या आठवड्यात घेऊ नका. मी आवडीचे सिनेमे यादीत टाकून ठेवते, सणासुदीला किंमत बऱ्याचदा निम्म्यावर येते. तेही दोन-तीनदा बघणार असेन तरच. एकदाच बघायचा असेल तर भाडंच बरं.

जत
ताई, बघतो तसं. आणि मिरजेच्या काकू, जुन्या इंग्रजी सिनेमांच्या डीव्हीडी माझ्याकडं खोकंभर आहेत. काकांच्या आवडीची नावं इथं लिहा. त्यातलं जे असेल ते बाजाराला मिरजेला आलो की पोचवतो. प्लेअर नसला तर तसंही कळवा, एक जादा पडून आहे, घेऊन येतो.