एम.डी. मेडिसिननंतर इम्युनॉलॉजीत थेट पीएच.डी. करावी की आधी डी.एम.? सल्ला हवा आहे

नमस्कार. मी कोल्हापुरात एम.डी. मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला असून ल्युपसच्या (रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) रुग्णांमधील नियामक टी-पेशी (ही यंत्रणा आवरणाऱ्या पेशी) हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. बंधपत्राची सेवा आटोपल्यावर हेच संशोधन पुढे न्यायचे आहे. मात्र आधी क्लिनिकल इम्युनॉलॉजी व ऱ्हुमॅटॉलॉजीचे (रोगप्रतिकारशक्ती व संधिवाताचे आजार) तीन वर्षांचे डी.एम., म्हणजे एम.डी.नंतरची अतिविशेषज्ञ पदवी, करावे की थेट पीएच.डी.ला जावे, याचा निर्णय होत नाही. (दवाखाना कधी टाकणार, हा नातेवाइकांचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला आहे.)

अडचण प्रबंधाच्या कामातूनच लक्षात आली. आमच्याकडे फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी प्रकारानुसार मोजणारे यंत्र) नसल्याने नमुने पुण्याला पाठवावे लागतात. रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत, बर्फात न ठेवता, खोलीच्या तापमानालाच न्यायचे आणि त्याच दिवशी त्यातील पेशी वेगळ्या करायच्या. त्यामुळे चंदगडहून येणारा रुग्ण ओपीडीत दुपारी पोहोचला, की त्याचा नमुना हुकलाच म्हणून समजावे. पुढे नियामक पेशींची खूण असलेले फॉक्सपी-३ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात असल्यामुळे पेशी स्थिर करून त्यांचे पटल सच्छिद्र केल्याशिवाय ते रंगवता येत नाही, आणि माणसात ते उत्तेजित झालेल्या साध्या टी-पेशींतही काही काळ दिसते. म्हणजे हाती आलेला आकडा खरोखर नियामक पेशींचा आहे की भडकलेल्या आजाराचा, हे सांगायला रुग्ण त्या दिवशी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या किती डोसवर होता हे ठाऊक हवे आणि प्रयोगशाळेतही हात बसलेला हवा. माझा तो हात अजून बसलेला नाही.

या नियामक पेशी सीडी-२५ या त्यांच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनावरून १९९५ साली ओळखणारे आणि २०२५ च्या नोबेलचे मानकरी ठरलेले शिमोन साकागुची हे मुळात डॉक्टर, हे उदाहरण देऊन काही सर मला थेट प्रयोगशाळेत जायला सांगतात. पण त्यांचे ते काम उंदरांवरचे होते. माझा प्रश्न रुग्णाशिवाय सुटणारा नाही, म्हणून चार-पाच वर्षे ओपीडी पूर्ण सुटणे मला परवडणारे वाटत नाही.

पुण्यात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या संस्थेत पीएच.डी. करताना कोणाला आठवड्यातून एक दिवस तरी ओपीडी सांभाळता आली आहे का? लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये किंवा वेल्लोरच्या सीएमसीमध्ये डी.एम. केलेल्यांना स्वतःच्या हाताने प्रयोग करण्याइतका वेळ मिळाला का, की नमुने देऊन आकडे घेण्यावरच भागवावे लागले? या वाटेने गेलेल्यांनी, आणि अर्ध्यावरून परतलेल्यांनीही, कृपया सविस्तर लिहावे.