मदत हवी आहे : एकटं मूल आणि कुत्रा, मराठी कादंबरी सुचवा

नमस्कार मंडळी. बापाच्या बदलीपायी आमची दहा वर्षांची नात नाशिकहून बडोद्याला आलीय. मांजलपूरच्या सोसायटीत अजून मैत्रीण नाही. खालच्या काळू कुत्र्याला, एक कान दुमडलेल्या, पोळी घालते आणि शाळेतलं सगळं त्यालाच सांगते. केट डिकॅमिलोची 'बिकॉज ऑफ विन-डिक्सी' (२०००) ही इंग्रजी बालकादंबरी मी तिला तोंडी सांगितली : आई सोडून गेलेली ओपल, सुपरमार्केटात धुमाकूळ घालणारा कुत्रा. फार आवडली, पण स्वतः वाचायला मराठीच हवं. अशी कादंबरी आहे का? शेवटी कुत्रा मरतो तसली नको, ती ढीगभर असतात! मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मिळेल की पुण्याहून मागवू? दीडशे पानं चालतील, अक्षर मात्र मोठं हवं.